खेळ : बालमनाचा विसावा

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. होऊन दुकानाच्या गादीवर बसलो तो आजतागायत. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आजचा विषय मी स्वतः मागून घेतला, त्यास माझ्या हातून घडलेली एक चूक कारणीभूत आहे.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. त्याचा सहा वर्षांचा नातू रोज त्याच्याच कुशीत झोपत असे. रुग्णालयात भेटीस मनाई होती. अंत्यदर्शनही धड घडले नाही. पंधरा दिवसांनी हा मुलगा बहिणीसोबत खेळताना मला दिसला. बाहुलीला ओढणीखाली निजवले होते, नाकाशी पिचकारीची नळी लावली होती आणि तो बजावत होता, ‘‘जवळ कोणीही यायचे नाही.’’ माझा संताप अनावर झाला. असले अशुभ खेळ घरात नकोत, असे म्हणून मी नळी फेकून दिली. मुलगा निमूट उठला. त्यानंतर तो रात्री अंथरूण ओले करू लागला, बोलेनासा झाला. अखेर एका समुपदेशक भगिनीकडे त्याला नेले. त्यांनी सर्व हकिगत ऐकली आणि सांगितले, ‘‘बाहुली आणि नळी त्याला परत द्या. तो बोलावील तरच जवळ बसा आणि काही शिकवू नका.’’

मोठ्या माणसावर दुःख कोसळले की बैठकीला चार माणसे येतात, तो बोलतो, रडतो, मोकळा होतो. सहा वर्षांच्या मुलापाशी एवढे शब्द कोठून यावेत? त्याची भाषा खेळाची. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णिला आहे. दोरा बांधलेले लाकडी रीळ तो पडदे लावलेल्या खाटेत फेकी आणि ‘गेले’ अशा अर्थाचा उद्गार काढी. मग दोरा ओढून ते परत आणी व आनंदाने हसे. आई दूर जाणे त्याच्या हाती नव्हते, रिळाचे जाणे-येणे मात्र होते. आम्ही कापडवाल्यांनी आयुष्यभर रिळे हाताळली, पण त्यात एवढे काही असेल हे कधी ध्यानी आले नाही!

१९२९ च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी मुलांपुढे वाळूचे तबक आणि छोटी खेळणी ठेवून त्यांना स्वतःचे जग मांडू दिले. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाईन यांनी १९४७ च्या ग्रंथात सांगितले की वाट मुलाने दाखवावी, उपचारकाने मागून चालावे. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला बाहुलीस पट्टी बांधू देणे हाही त्यातलाच प्रकार. त्याने भीती निवळते.

कोणी म्हणेल, हे पश्चिमेचे खूळ आहे. पर्युषणात अंतगड सूत्राच्या वाचनात आपण ऐमुत्ता कुमारांची कथा ऐकतो. भगवती सूत्रात या बालमुनींचा एक प्रसंग आहे. पावसाचे पाणी वाहत होते. बालमुनींनी मातीची पाळ घातली आणि आपले पात्र नाव म्हणून पाण्यात सोडले. स्थविरांना ते रुचले नाही. त्यांनी भगवान महावीरांना या शिष्याविषयी विचारले. भगवंतांनी उत्तर दिले की हा याच भवात सिद्ध होणार आहे. त्याची निंदा, अवहेलना करू नका, त्याचा सांभाळ करा. पाण्याच्या जीवांची विराधना हा दोष खरा, तो कोणी नाकारीत नाही. परंतु मुलाकडे कसे पाहावे, हे तेथे भगवंतांनी मोठ्यांना सांगितले आहे. नळी फेकताना मला हा प्रसंग आठवला नाही.

संकटात धावून जाण्यात आपला समाज मागे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या मराठवाड्यातील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. तेव्हा श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही संघटनेने वाघोली येथे आसरा दिला. छप्पर, अन्न आणि शाळा आपण तत्काळ देतो. खेळ मात्र पावतीपुस्तकात बसत नाही, म्हणून तो आपल्याला सुचत नाही, असे व्यापारी म्हणून माझे निरीक्षण आहे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे शाळेच्या बससह २६ मुलांचे अपहरण झाले होते. डॉ. लिनोर टेर यांनी त्या मुलांचा अभ्यास केला. काही मुले तोच प्रसंग पुनःपुन्हा खेळत, तरी त्यांची भीती ओसरत नसे. खेळ असा एका जागी अडकला, मूल खेळून अधिकच घाबरले, तर घरगुती उपाय करीत बसू नये, तज्ज्ञाकडेच जावे.

आमच्या मुलाचा खेळ अडकला नाही. रोज थोडा बदलत गेला. महिन्याभराने त्याने मला हाक मारली, ‘‘मोठे दादाजी, तुम्ही डॉक्टर व्हा.’’ मी बसलो. तो बाहुलीपाशी आला आणि मला म्हणाला, ‘‘सांगा ना, आज भेटायला परवानगी आहे.’’ मी ते वाक्य म्हटले. तो बाहुलीच्या शेजारी आडवा झाला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. अंथरूण ओले होणे त्यानंतरही काही आठवडे चालले, मग थांबले.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. पाठशाळेचे सामायिक आणि सूत्रपाठ जसे चालतात तसेच चालू द्यावेत. रविवारी पाठ संपल्यावर वरच्या मजल्यावरील एक खोली तासभर मुलांसाठी उघडी ठेवावी. तेथे वाळूचे तबक, माती, बाहुल्या आणि भातुकली असावी. स्पर्धा नको, बक्षीस नको, पाठांतराची तपासणी तर नकोच. एखादी समंजस भगिनी कोपऱ्यात बसलेली असावी, एवढे पुरे. कापडाचे तुकडे आणि रिकामी रिळे माझ्या दुकानातून येतील. या रविवारपासूनच पाठवितो.