खोक्यातलं यंत्र

मी गोदीतला हमाल. खोक्यावर लिहिलेलं असतं, नाजूक आहे, जपून. पाठीचं काय, ते लिहीत नाहीत. आपल्या देशातली 70-80 टक्के वैद्यकीय उपकरणं अशीच बाहेरून येतात. ती इथंच बनावीत म्हणून 26 एप्रिल 2023 ला दिल्लीनं राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. बनवा की! हात आमचेच लागतील.

पण धुळे-जळगावच्या सातपुड्यात या. भिल्ल-पावरांच्या पोरांना सिकलसेल. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, हाडं ठणकतात. पक्क्या निदानाला यंत्र लागतं. गेल्या साली मावसभावाला घेऊन एका दवाखान्यात गेलो. यंत्र होतं, प्लॅस्टिकच्या कव्हरात. चालवणारा नव्हता. त्याची जागा कधी भरणार, धोरणवाल्यांनो?