फांदी कापण्याआधी

मे महिना लागला की मुंबईत रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांवर, गुलमोहरांवर माणसं चढलेली दिसतात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. कमरेला सेफ्टी बेल्ट, खांद्यावर दोर, हाती कोयता नाहीतर करवत.

खरं कसब आहे ते कापण्याच्या क्रमात. जाड फांदी एकदम वरून कापली, तर ती अर्धवट कापातच स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक काप, मग किंचित पुढे वरून दुसरा. फांदी सुटते, ती आधीच बांधलेल्या दोराने सावकाश खाली सोडायची. उरलेला खुंट शेवटी कापायचा, तोही फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर भाग राखून. जखम झाकणारी नवी वाढ तिथूनच होते. हा भागच तासून टाकलेलं झाड दिसलं की जीव कळवळतो.

कापताना वर विजेच्या तारा, अंगावर चढणाऱ्या मुंग्या, खाली वाहती रहदारी. फांदीवरच्या घरट्यात पिल्लं असतील, तर तेवढी फांदी राहू द्यावी.

आपल्या आवारातलं झाड तोडायलाही शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते. करवत लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागात जरूर विचारा.