१४ एप्रिल : आमच्या घरची तारीख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांपुढे उभे राहून बोलायची सवय नाही, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. मंडळाने यंदा ‘आमच्या घरातली एक तारीख’ असा विषय दिला, तेव्हा मला दुसरी तारीख सुचेचना.

१४ एप्रिलला आपल्याकडे सकाळपासून बाबासाहेबांच्या जयंतीची गडबड असते. त्यांचा जन्म १८९१ सालचा, त्याच तारखेचा. आमचे मामंजीही त्याच तारखेला जन्मले, १९४४ साली. मी १९९९ च्या मे महिन्यात लग्न होऊन या घरात आले. पुढच्या एप्रिलात दुपारी चार वाजता चहाचे आधण ठेवून मी रेडिओ लावला. ओटीवर आजेसासूबाई दिवा लावून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसते माझ्याकडे पाहिले. मी रेडिओ बंद केला. रात्री त्यांनीच मला जवळ बसवून सगळे सांगितले.

आजेसासरे मुंबईस गोदीत हमाल होते. मशीद बंदरला गाववाल्यांबरोबर खोलीत राहायचे. महायुद्धाचे दिवस, गोदीत रात्रंदिवस बोजे उतरत. त्या साली पाडव्याला ते घरी येऊन गेले, बाळंतपणाला पुन्हा येतो म्हणाले. पण सुटी मिळाली नाही. आजींचे ते दुसरे बाळंतपण, म्हणून त्या सासरीच होत्या. १४ तारखेला पहाटे मामंजी जन्मले. चुलत आजोबांनी लगेच पोस्टकार्ड लिहून टाकले.

त्याच दुपारी मुंबईत काय झाले ते आता पुस्तकांतून छापलेले आहे. फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज इंग्लंडहून निघून कराचीवरून १२ एप्रिलला मुंबईस आले होते. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि कराचीला वर भरलेल्या कापसाच्या गाठी! चूल आणि गवताची गंजी आपण शेजारी ठेवत नाही, इतके तर कोणतीही बाई सांगेल. पण लढाईच्या घाईत ते झाले. दुपारी जहाजातून धूर निघू लागला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्या उडून लोकांच्या घरांत पडल्या. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. हमाल किती गेले याचा नीट हिशेब कोणाजवळच नाही.

आणि भगिनींनो, ही बातमी छापायला बंदी होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली. इथल्या बातमीदारांना ती बाहेर धाडायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. कर्जत स्टेशनावर उतरणारी माणसे ‘मुंबई जळते आहे’ एवढेच सांगत. आजी बाळंतिणीच्या खोलीत, त्यांच्या कानावर कोणी काही घातले नाही.

बाराव्या दिवशी बारसे व्हायचे, त्याच्या आदल्या दिवशी खोलीतला एक सोबती आजोबांची पत्र्याची पेटी घेऊन आला. तो दुसऱ्या पाळीचा म्हणून वाचला होता. त्याने इस्पितळे धुंडाळली, प्रेते पाहिली. आजोबा कुठेच नव्हते. पेटीत दोन धोतरे, एक घोंगडी आणि ते पोस्टकार्ड. कार्ड स्फोटानंतर पोहोचले होते.

देह मिळाला नाही, म्हणून आजींनी कुंकू पुसले नाही. पुढे भरपाईसाठी एका कचेरीत खेपा घातल्या, तिथे मेल्याचा पुरावा मागितला. घरात कुंकू आणि कचेरीत मेल्याचा दाखला, हे दोन्ही कसे मागायचे, असे म्हणून त्यांनी तो नाद सोडला आणि लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जाऊ लागल्या. बायका तोंडावर बोलत नसत, पण हळदीकुंकवाला बोलावताना अडखळत. अशी बारा वर्षे गेली. १९५६ साली पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर क्रिया केली. अग्नी दिला मामंजींनी. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. परत आल्यावर आजींनी स्वतःच्या हाताने कपाळ पुसले.

हे ऐकल्यावर मला आदल्या वर्षीची एक गोष्ट उलगडली. कारगिलची लढाई चालू असताना मी नवी नवरी. संध्याकाळी दूरदर्शनवर शहीद जवानांची नावे सांगत, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवीत. आम्ही डोळे पुसत असू आणि आजी म्हणत, “बरं केलं, घरी तरी आणलं.” मला तेव्हा ते फार कठोर वाटले होते.

२०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ देह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. आपण सगळ्यांनी ते दिवस जवळून पाहिले आहेत. मला त्या वेळी आजींचे बारा वर्षांचे कुंकू रोज डोळ्यांपुढे दिसे.

मामंजींचा वाढदिवस घरात कधीच होत नसे. २००४ साली साठीशांत करावी असे आमच्या ह्यांनी मनात घेतले, पण आजींना विचारायचे कोणी? शेवटी मीच विचारले. त्या बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “करा की. त्यानं काय केलंय? चारच्या आत उरका म्हणजे झालं.” तेव्हापासून सकाळी औक्षण आणि चार वाजता दिवा, असा आमचा रिवाज पडला. आजी २००९ साली गेल्या. दिवा मी लावते.

२०२४ साली मामंजींना ऐंशी पुरी झाली. त्यांना भायखळ्याला अग्निशमन दलाच्या स्मारकाशी नेऊ या, असे हे म्हणाले. मामंजी म्हणाले, “ते बंबवाल्यांचं आहे, त्यांचा मान त्यांना. मी घरीच बरा.” चार वाजता ते ओटीवर येऊन बसले आणि कोटाच्या खिशातून ते पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरले. म्हणाले, “सूनबाई, वाच. मला आता अक्षर लागत नाही.” त्या वेळी आमच्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिले. मग वाचले. ‘आज पहाटे मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. काळजी न करणे. सवड काढून येणे.’

यंदा ते माझ्या मुलीने वाचले. जुने वळण तिला लागेना, ‘सवड’वर अडली. मामंजींनी तो शब्द सांगितला.