साडेपंधरा प्रवासी



शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघालेली एक एसटी डोळ्यांपुढे आणा. गाडीत २७ प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ४० रुपये आणि अर्धे २० रुपये धरू. कंडक्टरकडे ८६० रुपये जमले आहेत. तर पूर्ण तिकीट काढलेले किती आणि अर्धे काढलेले किती? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून असा हिशेब आपल्या भागातल्या प्रत्येक गाडीत रोज होतो. दहावीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकात पहिलाच धडा याचा आहे: दोन चलांतील रेषीय समीकरणे.

आता हे उदाहरण संगणकाला घालू. पूर्ण तिकीटवाले एक्स, अर्धे तिकीटवाले वाय. एक्स अधिक वाय बरोबर २७, हे पहिले समीकरण. चाळीस एक्स अधिक वीस वाय बरोबर ८६०, हे दुसरे. दोन्ही ओळी टाइप करून बटण दाबले की पापणी लवायच्या आत उत्तर येते: एक्स १६, वाय ११. कागदावर ताळा करून बघा. सोळा चोक चौसष्ट म्हणजे ६४०, अकरा दुणे बावीस म्हणजे २२०, बेरीज ८६०. जमले.

पण एखाद्या मुलाने घाईत ८६० ऐवजी ८५० लिहिले तर? सॉफ्टवेअर त्याच वेगाने सांगेल: एक्स साडेपंधरा, वाय साडेअकरा. ते अडखळणार नाही आणि काही विचारणारही नाही, कारण एक्स म्हणजे एसटीत बसलेली माणसे आहेत हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. साडेपंधरा प्रवासी कधी असतात का, हा प्रश्न मुलाच्या मनात उठायला हवा. तो उठला तर त्याला बीजगणित येते, असे मी मानतो. तो न उठता उत्तर वहीत उतरले, तर सुवाच्य अक्षरातल्या त्या उत्तराचा काही उपयोग नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बीजगणित अडते ते बहुतेक या जागी. समीकरण हातात दिले तर आमची मुले सोडवतात. डोळखांबची असोत, टोकावड्याची असोत की आश्रमशाळेतली असोत, पक्षांतर, लोप, निश्चयक, सगळे सरावाने जमवतात. शाब्दिक उदाहरण आले की पेन थांबते. गोष्टीतून समीकरण बाहेर काढायचे काम समीकरणे सोडवणारे सॉफ्टवेअर करत नाही. ते डोक्यानेच करावे लागते आणि शिक्षकाने तास खर्च करायचा तो तिथे.

मग सॉफ्टवेअरचे काम काय? ते आतून काय करते हे थोडे समजून घेऊ. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६८ साली ‘मॅक्सिमा’ या आजच्या मोफत सॉफ्टवेअरच्या पूर्वजाचे काम सुरू झाले. कल्पना अशी की समीकरण आकड्यांचा ढीग म्हणून न साठवता त्याची रचना साठवायची: कशात काय मिळवले आहे, कशाला कशाने गुणले आहे. मग त्यावर नियम लावत जायचे. कंस सोडवा, सारखी पदे एकत्र करा, अवयव पाडा. म्हणजे आपण वहीत जे करतो तेच. फरक इतकाच की ते दमत नाही, आणि कंसाबाहेरचे वजा चिन्ह आत नेताना त्याचे दुसरे पद चुकत नाही. आमच्या मुलांचे निम्मे गुण त्या एका वजा चिन्हापायी जातात.

यंत्र नियम लावते, पण नियम माणसाने शोधलेले असतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितावरचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रश्न असा: एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर येणारी संख्याही पूर्ण वर्ग हवी. अशी सर्वांत लहान संख्या आहे २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८०. चक्रवाल पद्धतीने त्यांनी ती हाताने काढली. हाच प्रश्न पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला. आज संगणक ते उत्तर क्षणात देतो, पण वाट कुणीतरी आधी पाडून ठेवली होती म्हणून.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला दिसतो तो आलेखात. त्यासाठी मी ‘जिओजेब्रा’ सुचवतो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१-०२ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ते तयार केले. शाळांना ते फुकट मिळते. एकदा संगणकात किंवा मोबाइलमध्ये घातले की इंटरनेट नसले तरी चालते. रेंजसाठी टेकडीवर जावे लागते अशा पाड्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

वर्गसमीकरणाच्या धड्यात विवेचक येतो, बी वर्ग वजा चार एसी. तो शून्याहून मोठा असेल तर दोन वेगळी मुळे, शून्य असेल तर दोन्ही समान, शून्याहून लहान असेल तर वास्तव मुळे नाहीत. मुले हे तीन ओळींत पाठ करतात. आता जिओजेब्रात लिहा: वाय बरोबर एक्स वर्ग वजा सहा एक्स अधिक के. ‘के’साठी स्लायडर येईल, म्हणजे बोटाने सरकवायचा ठिपका. ‘के’ ५ वर ठेवा. पडद्यावरचा वक्र आडव्या अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, १ वर आणि ५ वर. ठिपका ८ वर न्या, वक्र वर उचलला जातो आणि छेदनबिंदू जवळ येतात, २ आणि ४. नऊवर नेला की दोन्ही बिंदू ३ वर एकमेकांत मिसळतात, वक्र अक्षाला नुसता टेकतो. दहावर नेलात की वक्र अक्ष सोडून अधांतरी. विवेचक उणे चार झाला आहे आणि मुळे नाहीत म्हणजे काय, ते मुलीला समोर दिसते आहे. हे फळ्यावर दाखवायला मला चार आलेख काढावे लागतात, आणि तरी तो वक्र हलताना दिसत नाही.

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी अ‍ॅपही आहेत. क्रोएशियातले ‘फोटोमॅथ’ २०१४ पासून चालू आहे आणि आता ते गूगलकडे आहे. त्यावर सरसकट बंदी घालावी असे मला वाटत नाही. ज्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच मूल आहे, तिथे रात्री नऊ वाजता अडलेले गणित कुणाला विचारायचे? शिकवणीला रोज आसनगाव किंवा कल्याण गाठणे प्रत्येकाला परवडत नाही. माझे सांगणे एवढेच असते की आधी वहीत पूर्ण सोडव, मग अ‍ॅप उघड, आणि दोघांच्या पायऱ्या शेजारी ठेवून तुझी कुठली ओळ वेगळी पडली ते शोध. बोर्डाच्या पेपरला मोबाइल नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. तिथे हातच चालायला हवा.

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने संदीप गुंड गुरुजींच्या पुढाकाराने डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नाव मिळवले. पाड्यावरची मुले टॅबलेटवर शिकू शकतात, हे तिथे केव्हाच दिसून आले. ती प्राथमिक शाळा. तिथून पुढे आलेली मुले माध्यमिक शाळेत बीजगणिताला भिडतात, तेव्हा संगणकाची खोली बहुधा कुलपात असते आणि उघडली तरी टायपिंगसाठी.

म्हणून माध्यमिक शाळांच्या आणि आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जिओजेब्रा एका पेनड्राइव्हवर सहज मावते. ते शाळेतल्या प्रत्येक चालू संगणकावर घालून घ्या. शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले धडे मोफत आहेत. आणि आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर, गणिताच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ती खोली नववी-दहावीच्या मुलांसाठी उघडी ठेवा. सहामाही परीक्षेच्या आधी हे सुरू झाले, तर यंदाच्याच दहावीला त्याचा उपयोग होईल.