गाडी नाक्यावर, कारशेड काशेलीत

(धामणकर नाका, भिवंडी येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



या नाक्यावर मान वर केली की मेट्रोचं काम दिसतं. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला मेट्रो-५चं भूमिपूजन झालं. पहिल्या टप्प्यात ही गाडी कापूरबावडीहून बाळकूम, काशेली, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत इथवर येणार आहे. सगळे विचारतात, गाडी कधी येणार? मला विचारायचं आहे, रात्री ती झोपणार कुठे?

कारशेड काशेलीत होणार आहे. लूमला जॉबर लागतो, तेलपाणी लागतं, तसंच गाडीचं आहे. रोज रात्री डबे धुवायचे, ब्रेक तपासायचे, झिजलेली चाकं तासायची. त्यासाठी सपाट, सलग, मोठी जमीन लागते आणि तीही मार्गाला लागून. ती दूर असेल तर पहाटे-रात्री रिकाम्या गाड्या पळवाव्या लागतात. म्हणून 'कारशेड नकोच' म्हणणं सोपं असलं, तरी खरं नाही. गाडी हवी तर कारशेडही हवं. प्रश्न एवढाच की त्याचा भार कोणी उचलायचा आणि ते कोणी, कसं ठरवायचं.

आपल्या शहराचंच बघा. धामणकर नाक्यापासून टेमघरपर्यंतचा पुढचा मार्ग भुयारी करायचं ठरलं, कारण वरून नेला असता तर घरं-दुकानं पाडावी लागली असती. चांगलं झालं. पण ज्यांची घरं वाचली त्यांनी काशेलीच्या शेतकऱ्याला 'विकासासाठी त्याग करा' असं सांगणं शोभत नाही. गाडीत बसणार आपण आणि जमीन जाणार त्यांची. तो आगरी बांधव आपला शेजारी आहे. त्याच्या सुनावणीला भिवंडीची किती पोरं गेली?

आणि हा प्रश्न फक्त सातबाऱ्याचा नाही. काशेली-काल्हेरच्या गोदामांत हमाली करणारी, टेम्पो चालवणारी, पॅकिंग करणारी माणसं आपल्याच मोहल्ल्यांतून जातात. २०१३च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त मालक नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात काम करून पोट भरणारा भाडेकरू आणि मजूरही त्यात येतो. पण त्याच्याकडे कागद हवा: पगाराची पावती, ओळखपत्र, भाडेकरार. किती जणांकडे आहे? आज घरी गेल्यावर अब्बांना, चाचांना विचारा.

आरेचं उदाहरण आठवा. मेट्रो-३च्या कारशेडला तिथे आक्षेप आधीपासून होते, पण अनेकांना ते कळलं ते ऑक्टोबर २०१९मध्ये, झाडांवर करवत चालली तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, ते हायकोर्टात अडकलं आणि २०२२मध्ये पुन्हा आरेवर आलं. पहिली गाडी धावली ऑक्टोबर २०२४मध्ये. झाडं गेली आणि वर्षंही गेली. उशिरा पेटलेला वाद कोणाच्याच कामी येत नाही.

काशेलीत आणखी एक पेच आहे. मेट्रो बांधणारी एमएमआरडीएच त्या गावांचं नियोजन प्राधिकरणही आहे. जो बांधतो तोच जागा ठरवतो. अशा वेळी प्रश्न बाहेरूनच विचारावे लागतात. काशेली खाडीकाठी आहे. भराव पडला तर पावसाचं पाणी कुठे जाईल? गाड्या धुतलेलं तेलकट पाणी कुठे सोडणार? रात्रीच्या आवाजापासून घरं किती अंतरावर असतील? गावातल्या पोरांना कारशेडमध्ये काम मिळणार का?

हे प्रश्न घोषणांनी सुटत नाहीत. आरक्षण बदलायचं असेल तर १९६६च्या नगररचना कायद्याने आधी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत थोडी असते. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापलेली असते, आणि ती मराठीत असते. तुम्ही मराठी वाचता, लिहिता. मग शेजाऱ्याची हरकत लिहून द्या, पोच घ्या, सुनावणीला सोबत जा.

आपल्याला भिवंडीत अनेकदा फक्त मतदार म्हणून मोजलं जातं. नागरिक म्हणून मोजलं जावं असं वाटत असेल, तर स्वतःच्या गल्लीपलीकडचा प्रश्न हातात घ्यावा लागेल. पहिली गाडी या नाक्यावर येईल तेव्हा टाळ्या वाजवूच. पण ती ज्या जमिनीवरून निघाली, तिथल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे.