एक्क्याण्णवावा होल

गोल्फमधल्या चार प्रमुख स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात. त्यांपैकी अमेरिकन ओपन जिंकणारा आजवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू म्हणजे हेल इर्विन. जून १९९० मध्ये शिकागोजवळच्या मेडिना क्लबवर त्याने ती जिंकली, तेव्हा त्याचे वय ४५ वर्षे १५ दिवस होते.

त्या वर्षी त्याला खरे तर या स्पर्धेत थेट प्रवेशच नव्हता. १९७४ आणि १९७९ ची विजेतेपदे त्याच्या नावावर होती. पण विजेत्याला तेव्हा मिळणारी दहा वर्षांची सवलत संपली होती आणि १९८५ नंतर अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याने एकही स्पर्धा जिंकली नव्हती. संयोजकांनी खास निमंत्रण दिले, म्हणून तो खेळू शकला.

शेवटच्या दिवशी सुरुवातीला तो चार फटके मागे होता. अकराव्या ते चौदाव्या होलवर त्याने सलग चार बर्डी मिळवल्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी घेतला. अठराव्या होलच्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू खळग्यापासून सुमारे ४५ फुटांवर होता. इतक्या लांबून तो खळग्याजवळ जाऊन थांबला तरी पुष्कळ. इथे तो घरंगळत थेट आत पडला. एरवी चेहऱ्यावर काही न दाखवणारा इर्विन ग्रीनभोवती धावत सुटला आणि दोरीपलीकडच्या प्रेक्षकांना टाळ्या देत गेला.

या धावेची चित्रफीत आजही दाखवली जाते. पण त्या फटक्याने विजय मिळाला नव्हता, फक्त बरोबरीची आशा निर्माण झाली होती. मागून खेळणाऱ्या माइक डोनाल्डने सोळाव्या होलवर एक फटका गमावला आणि दोघांचेही २८० फटके झाले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोमवारी पुन्हा पूर्ण १८ होल खेळायचे होते. खरी कसोटी तीच. तीन होल उरले असताना डोनाल्ड दोन फटक्यांनी पुढे होता. इर्विनने सोळाव्यावर बर्डी करून अंतर निम्म्यावर आणले. अठराव्यावर डोनाल्डचा फटका चुकला आणि दोघेही ७४ वर थांबले. मग अमेरिकन ओपनच्या इतिहासात प्रथमच ‘सडन डेथ’ने, म्हणजे जो आधी एखादा होल जिंकेल तो विजेता या पद्धतीने, निकाल लावावा लागला. पहिल्याच होलवर, म्हणजे एकूण एक्क्याण्णवाव्या होलवर, इर्विनने बर्डी केली आणि सामना संपला. पुढच्याच रविवारी वेस्टचेस्टरची स्पर्धाही त्याने जिंकली.

डोनाल्डला मात्र मेजर कधीच मिळाली नाही. नव्वद होल तो इर्विनच्या तोडीस तोड खेळला होता. आज बक्षीस घेणाऱ्या आणि थोडक्यात बक्षीस हुकलेल्या विद्यार्थ्यांनी इर्विनबरोबर माइक डोनाल्ड हे नावही लक्षात ठेवावे.