उशिरा लावलेला सा

मागच्या वर्षी जून महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी पेटीचा क्लास लावला. जळगावात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका घराच्या पुढच्या खोलीत हा क्लास भरतो. पहिल्या दिवशी चपला काढून आत गेलो तर सतरंजीवर सात-आठ मुलं बसलेली. त्यांतल्या एका चिमुरड्यानं मान वर करून विचारलं, ‘आजोबा, तुम्ही कुणाला घ्यायला आलात?’

म्हटलं, ‘कुणाला नाही रे बाबा, मी बसायला आलोय.’

सगळी मुलं हसली. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, ‘या काका, भिंतीला टेकून बसा.’ त्या भिंतीपर्यंत पोहोचायला मला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट आहे.

मी बी.ए. मराठी झालो, कारकुनी केली आणि कविता लिहिल्या. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो, धुळ्यात एका कव्वाली पार्टीत पेटी वाजवायचे. लहानपणी मी पेटीला हात लावला की ओरडायचे, ‘सूर बिघडतील.’ पुढं नोकरी आली, संसार आला. चाळिशीत एकदा वाटलं, शिकावं. मित्र म्हणाले, आता बोटं वळणार आहेत का? पन्नाशीत परत वाटलं. तेव्हा कुणाला विचारलंच नाही, माझं मीच उत्तर दिलं, ‘आता काय उपयोग?’ भाईजान गेले आणि त्यांची पेटी धुळ्याच्या घरात माळ्यावर जाऊन बसली.

मग असं काय झालं की मी क्लासची फी भरली? कारण आहे माझी अम्मी.

अम्मी धुळ्याला धाकट्या भावाकडे असते. वय ऐंशीच्या पुढं. तिचं माहेर साक्री तालुक्यातलं. लहानपणी शेजारपाजारच्या बायकांबरोबर जात्यावर बसून तिनं अहिराणी ओव्या उचलल्या. श्रावणात कानबाईचे रोट असले की शेजारणींच्या अंगणात चालणारी गाणी तिनं ऐकली. आमच्या घरातल्या लग्नांत हळदीला म्हणायची खान्देशी उर्दूतली गाणी तर तिची स्वतःचीच. मी दर रविवारी एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जातो. अलीकडं ती विसरायला लागली आहे. नातवाला कधी माझ्या नावानं हाक मारते, कधी भाईजानच्या. पण गाणं सुरू झालं की एक शब्द चुकत नाही.

तिची गाणी मी वहीत उतरवून घेतली. कवी माणूस, शब्दांचा लोभ मोठा! साठ-सत्तर गाणी झाली. एका रविवारी वही उघडून मी तिला एक ओवी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘ये कौनसा गाना है?’ तिचीच ओवी होती, पण मी ती वाचत होतो. चाल निघून गेल्यावर तिलासुद्धा ती ओळखू येईना.

परतीच्या एस.टी.त मला आमच्या असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची आठवण झाली. ही माउली निरक्षर. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ऐकून लिहून घेतलं म्हणून तिची गाणी राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तक निघालं. ते पुस्तक म्हणजे खान्देशचं भाग्यच. पण शेतात, जात्यावर, चुलीपुढं तिच्या ओठावर जी चाल होती ती आज आपल्यापैकी किती जणांना येते? शब्द कागदावर टिकतात. चाल माणसातच टिकते.

मुलगा म्हणाला, ‘अब्बा, मोबाइलवर रेकॉर्ड करा ना.’ केलं की! पण रेकॉर्ड करून अम्मीचा आवाज सांभाळला. गाणं सांभाळायचं तर ते दुसऱ्या कुणाला तरी यायला हवं. माझा गळा कसा आहे ते मुशायऱ्यातल्या लोकांना विचारा. तरन्नुम मला जन्मात जमलं नाही, मी गझल नुसती वाचतो. मग उरली पेटी. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं मी हिशेब करत होतो तो माझ्या वयाचा. करायचा होता तो अम्मीच्या वयाचा. मला उशीर झाला की नाही हा प्रश्नच नव्हता. तिला उशीर होत होता.

माळ्यावरची पेटी खाली काढली. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लेलं, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. धुळ्यातल्या एका जुन्या कारागिरानं ती खोलून पाहिली. पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना सूर म्हणतात. गुजरातेतलं पालिताणा त्यासाठी प्रसिद्ध आहे. कारागीर म्हणाला, ‘सूर शाबूत आहेत, भाता तेवढा फाटलाय.’ मनात म्हटलं, माझंही तसंच असू दे!

शिकणं मात्र सोपं नव्हतं, हे कबूल करतो. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर. उजवीकडं लक्ष दिलं की भाता थांबायचा, भात्याकडं पाहिलं की बोट घसरायचं. अनामिका तर माझी नव्हेच, शेजाऱ्याची! सारेग, रेगम, गमप हे अलंकार मुलांनी आठ दिवसांत उचलले, मला दोन महिने लागले. त्याहून अवघड होती लाज. मुलं चुकतात आणि हसून पुढं जातात. मी चुकलो की मला माझं सगळं आयुष्य चुकल्यासारखं वाटायचं. दोनदा मी डोकेदुखीचं निमित्त सांगून घरी आलो.

एक गोष्ट मात्र वयानं हातात दिली होती. आयुष्यभर मात्रा मोजत कविता लिहिल्यामुळं केरव्याच्या आठ, दादऱ्याच्या सहा, त्रितालाच्या सोळा मात्रा मला समजावाव्या लागल्या नाहीत. बोटं मागं राहायची, पण सम चुकायची नाही. मोठ्या माणसाची पाटी अगदीच कोरी नसते.

गाणं-बजावणं लहानपणीच सुरू करावं, हा आपल्याकडचा दंडक. त्यात तथ्य आहे. बालगंधर्वांनीच लहानपणी आमच्या जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडं गाण्याचे धडे घेतले होते. पण तो दंडक मैफल गाजवणाऱ्यांसाठी आहे. मला कुठं मैफल गाजवायची होती? मला पाच-दहा चाली धरून ठेवायच्या होत्या. आपण सराफाचा काटा घेऊन बाजरी मोजायला बसतो आणि मग काटा छोटा पडला म्हणून बाजरीच नको म्हणतो.

शिवाय मोठ्यांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पंडित हरिप्रसाद चौरसिया आकाशवाणीचे नावाजलेले बासरीवादक होते, तरी अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेले. पहिलं सगळं विसरण्याची तयारी आहे हे दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीकडची डावीकडं! सिसेरो या रोमन लेखकानं म्हातारपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. त्यात सॉक्रेटिस उतारवयात तंतुवाद्य शिकला, असा उल्लेख येतो. अशी माणसं आठवली की आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसणं जरा सुसह्य होतं.

पाच-सहा महिन्यांनी मी अम्मीची एक ओवी पेटीवर बसवायला घेतली आणि अडलो. तिचा एक सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लागतो. ही पट्टी दाबली तर चढा, ती दाबली तर उतरा. मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘काका, हा सूर पेटीत नाही. पेटी फक्त जागा दाखवते. तो तुम्ही कानात ठेवा.’

श्रोतेहो, ज्या रेडिओवरून मी बोलतोय त्याच रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीला मींड घेता येत नाही, दोन सुरांमधल्या श्रुती तिच्यात नाहीत, हाच आक्षेप होता. बंदी १९७१ पर्यंत टिकली. भाईजान त्याबद्दल फार चिडून बोलायचे. मीही त्यांच्याच बाजूचा. पण त्या दिवशी वाटलं, आक्षेप घेणारे अगदीच खोटं बोलत नव्हते. आणि तरीही पेटी नसती, तर अम्मीचा तो सूर पट्ट्यांच्या मधे आहे हे मला कधी कळलंच नसतं.

या जानेवारीत पेटी घेऊन धुळ्याला गेलो. अम्मी खाटेवर बसली होती. मी ओवी वाजवली. पहिल्या खेपेला तिनं नुसतं पाहिलं. दुसऱ्या खेपेला तिची मान हलायला लागली. तिसऱ्या खेपेला तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, ‘अरे, इधर सांस नई लेते. आगे जाके लेते.’ मग स्वतः म्हणून दाखवलं. मी भात्याचा दम तिच्या श्वासाबरोबर सोडला, तेव्हा कुठं ओवी जागेवर बसली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आईच्या हातची चापट खायला मिळणं, याहून मोठी फी कोणता क्लास परत करेल?

दाराशी भावाची नात उभी होती, सहा वर्षांची. तिनं पेटीच्या एका पट्टीवर हळूच बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. भाईजान असते तर ओरडले असते. मी भाता हलवला. सूर निघाला.

आतापर्यंत अम्मीच्या चार चाली बसल्या आहेत. वहीतली बाकीची गाणी तशीच आहेत, आणि ती सगळी होतील असं मी म्हणणार नाही. पण दर रविवारी सकाळच्या गाडीला पेटी मांडीवर घेऊन बसतो. कंडक्टर आता विचारत नाही, ‘काका, यात काय आहे?’ तुमच्याही घरात कुणाच्या तरी ओठांवर एखादी चाल असेल आणि माळ्यावर एखादं वाद्य. आपल्या वयाचा हिशेब करण्याआधी त्यांच्याकडं एकदा जाऊन या.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)